घरातील जुने शस्त्र

रामपायलीच्या एका शिक्षक बंधूंनी आम्हांस एक प्रश्न विचारला आहे, आणि त्याचे उत्तर देणे आम्हांस वाटले होते तितके सोपे गेले नाही. तो प्रश्न वाचकांपुढे ठेवतो. शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी मोठ्या मुलांच्या वर्गात तो घेतला तरी चालेल. मुले असल्या प्रश्नांना मोठ्यांपेक्षा सरळ उत्तरे देतात.

रामपायली हे बालाघाट जिल्ह्यातील वारासिवनी तालुक्यातले, चंदन नदीच्या काठचे गाव. तेथील राममंदिर आणि कार्तिक पौर्णिमेची जत्रा सर्व परिसरात प्रसिद्ध आहे. जिल्हा मध्य प्रदेशात असला तरी आपल्या मंडळींची सोयरीक गोंदिया-भंडाऱ्याकडची, आणि घरातली प्रार्थना मराठीतच. या गावी आमच्या एका जुन्या स्नेह्यांचे घर आहे. तरुणपणी ते जंगलातील लाकडाची ठेकेदारी करीत. गेल्या पावसाळ्यात ते प्रभूकडे गेले. मागे पत्नी, शिक्षक मुलगा, सून, नर्सिंगला जाऊ इच्छिणारी नात व नऊ वर्षांचा नातू. शेती थोडी आहे, कर्ज नाही. आणि कपाटात एक पिस्तूल आहे.

हे पिस्तूल आम्ही स्वतः पुष्कळदा पाहिले होते. बेल्जियममधील कारखान्यात बनलेले, .३२ चे जुने ब्राउनिंग, संपूर्ण पोलादी. परवाना मिळाल्यावर १९७० च्या दशकात आमच्या स्नेह्यांनी ते एका निवृत्त अधिकाऱ्याच्या कुटुंबाकडून रीतसर विकत घेतले होते. घेताना त्यांनी काय काय पारखले हे ते मोठ्या हौशीने सांगत. नळीत उजेडाकडून पाहिले, आतल्या सऱ्या झिजल्या आहेत की धारदार आहेत ते तपासले. वरचा सरकता भाग, ज्याला स्लाइड म्हणतात, तो मागेपुढे करून कोठे तडा आहे का हे नखाने चाचपले. मॅगझीनचे ओठ वाकलेले नाहीत ना, स्प्रिंग सैल झालेली नाही ना, हे पाहिले. मुठीच्या दोन्ही पट्ट्या उघडून आत गंज आहे का ते बघितले, कारण आपल्याकडचा पावसाळा नेमका तेथेच शिरतो आणि वरून काही दिसत नाही.

दर शनिवारी संध्याकाळी ते अंगणात खाट टाकून पिस्तूल उघडीत. जुनी धोतराची चिंधी, पातळ तेल, नळीत फिरवायचा ब्रश. कातडी म्यानात ठेवायचे नाही, कातडे ओल धरते, हा त्यांचा नियम. तेल फार घालायचे नाही, त्याला धूळ चिकटते, हा दुसरा. त्यांच्या हातचे काम पाहणे खरोखर सुखाचे होते. चांगल्या वस्तूची चांगली निगा राखणारा माणूस आम्हांस नेहमीच आवडतो, मग ती वस्तू शिवणयंत्र असो, हार्मोनियम असो की बैलगाडी. त्या निळसर काळ्या पोलादावर संध्याकाळचा उजेड पडला की आम्हीही कौतुकाने पाहत असू. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे आम्ही जे लिहिणार आहो ते दुरून, नाक मुरडून लिहिलेले नाही.

परवानाधारक मरण पावला की त्याच्या परवान्याने ते शस्त्र घरात ठेवता येत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे ते विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक बंदूक-विक्रेत्याकडे जमा करावे लागते. मग वारसाने हवे तर स्वतःच्या नावे परवाना मागावा, परवानाधारक ग्राहकास विकावे, किंवा सरकारजमा करावे. दुःखाच्या घरात कायद्याची आठवण लगेच होत नाही. काही दिवस गेल्यावर गुरुजींना जाग आली आणि ते आम्हांस सोबत घेऊन विक्रेत्याकडे गेले. त्या वृद्ध विक्रेत्याने पिस्तूल हाती घेतले, नळी भिंतीकडे वळवली आणि मॅगझीन काढून बाजूला ठेवले. आम्हां दोघांस वाटले, झाले, रिकामे झाले. त्याने आमच्याकडे एकदा पाहिले आणि स्लाइड मागे ओढली. एक काडतूस उडून काउंटरच्या काचेवर पडले.

ज्यांनी असले शस्त्र हाताळलेले नाही त्यांच्यासाठी खुलासा करतो. या जातीच्या पिस्तुलात गोळी सुटली की तिच्याच धक्क्याने स्लाइड मागे जाते, रिकामे टरफल बाहेर फेकते आणि पुढे येताना मॅगझीनमधले नवे काडतूस नळीच्या तोंडाशी बसवते. एकदा का काडतूस तेथे बसले की मॅगझीन काढून घेतल्याने ते निघत नाही. हातात मॅगझीन आहे म्हणून निर्धास्त झालेल्या माणसाच्या दुसऱ्या हातात भरलेले शस्त्र असू शकते. जगभर कितीतरी माणसे या एका गैरसमजाने मेली आहेत.

घरी परतल्यावर वहिनींनी उलगडा केला. डिसेंबर १९९९ मध्ये मध्य प्रदेशाचे मंत्री लिखीराम कावरे यांची याच जिल्ह्यात, त्यांच्या राहत्या गावी, नक्षलवाद्यांनी हत्या केली. मंत्र्याची ही गत, मग जंगलात ठेकेदारी केलेल्याचे काय, या भीतीने आमच्या स्नेह्यांनी त्या वर्षापासून एक काडतूस नेहमी आत बसवून ठेवायला सुरुवात केली. दर शनिवारी काढायचे, पुसायचे, पुन्हा बसवायचे. निवडणुकीच्या वेळी शस्त्र ठाण्यात जमा होई, परत आले की पुन्हा तेच. पुढे भीती ओसरली. ठेकेदारी तर त्यापूर्वीच सुटली होती. शेवटची दोन वर्षे हात कापू लागल्याने शनिवारची सफाईही थांबली. काडतूस मात्र होते तेथेच राहिले. आणि त्यांच्या मृत्यूनंतरच्या दिवसांत नऊ वर्षांच्या नातवाने आजोबांचा चष्मा शोधण्यासाठी ते कपाट दोनदा उघडले होते.

आता प्रश्न. विक्रेत्याने गुरुजींना एक रक्कम सांगितली. परदेशी शस्त्रांची खासगी आयात १९८० च्या दशकात बंद झाल्यापासून चांगल्या स्थितीतील जुन्या विलायती पिस्तुलांना आपल्या देशात फार किंमत येते. पश्चिमेकडे जे जुन्या बाजारात स्वस्तात मिळते त्याला येथे लाखांनी पैसे मोजतात. इतके की मुलीच्या नर्सिंगची चारही वर्षांची फी निघावी. वडिलांनी इतकी वर्षे तेल घातले म्हणूनच ही किंमत. गंजलेल्याला कोण विचारतो? गुरुजींनी विचारले, "काका, बाबांची आठवण म्हणून परवाना माझ्या नावे करून घेऊ, विकून पोरीला शिकवू, की सरकारला देऊन टाकू? ख्रिस्ती माणसाने काय करावं?"

पहिल्या पर्यायाविषयी आमचे मत लवकर ठरले. रानडुकरे पिकात शिरतात म्हणून शेतकरी बंदूक ठेवतो, त्याचे आम्हांस समजते. कान्हाच्या जंगलालगतच्या या जिल्ह्यात ते खोटे कारण नव्हे. पिस्तुलाने डुक्कर हटत नाही. पिस्तूल हे जवळच्या अंतरावरील माणसासाठी बनविलेले आहे. ते बाळगणाऱ्याने हे स्वतःशी स्पष्ट बोलावे. स्वसंरक्षण हे पाप आहे असे आम्ही म्हणत नाही. निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायात रात्री घर फोडताना सापडलेला चोर मारला गेला तर मारणाऱ्यावर खुनाचा दोष नाही. पण सूर्य उगवल्यावर तेच केले तर दोष आहे. किती बारीक भेद केला आहे पाहा. अंधारात, जेव्हा समोरच्याचा हेतू कळत नाही तेव्हा, एक सूट; उजेड झाला की ती सूट संपली. आमच्या स्नेह्यांच्या बाबतीत सूर्य केव्हाच उगवला होता आणि रात्रीचे काडतूस दिवसाही नळीत होते.

येथे आम्हांस निगा राखण्याविषयीच काही सांगावयाचे आहे. आपण म्हणतो, शस्त्र निर्जीव, दोष हाताचा. हे खरे आहे, पण अर्धे खरे. जे तेल घालतो त्याने आपण पोलाद टिकवतो तसाच एक हेतूही टिकवतो. ते शस्त्र उद्याही चालावे अशी दर आठवड्यास नवी इच्छा करतो. एखाद्या शनिवारी तो हेतू मनातून गळून पडतो, पण हाताला सवय असते म्हणून तेल पडतच राहते. मग हेतू नसलेली सज्जता घरात उरते, आणि ती ज्याच्या हाती पडेल त्याच्या हेतूने भरते.

कोणी म्हणेल, मग तेल घालू नका, गंजू द्या. त्यानेही सुटका नाही. याचे उदाहरण आपल्या मराठी माणसांच्याच इतिहासात आहे आणि ते फार दुःखद आहे.

२० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत गांधीजींच्या हत्येचा पहिला प्रयत्न झाला. त्यात पुण्याचा शस्त्रविक्रेता दिगंबर बडगे होता. पुण्यातले त्याचे शस्त्रभांडार प्रसिद्ध होते. पुढे तो माफीचा साक्षीदार झाला आणि लाल किल्ल्यातील खटल्यात त्याने जी साक्ष दिली तीत त्या सकाळचा प्रसंग आहे. हिंदू महासभा भवनामागच्या झाडीत या मंडळींनी आपली दोन रिव्हॉल्व्हरे तपासून पाहिली. एकाचे चाक नीट फिरेना. दुसऱ्यातून सुटलेली गोळी झाडापर्यंत पोहोचेना. तेव्हा एकाला खोलीवर पाठवून तेल आणि चाकू आणवला आणि तेथेच दुरुस्ती सुरू झाली. त्या दिवशीचा कट फसला. मदनलाल पाहवाने उडविलेल्या स्फोटाने कोणी दगावले नाही, आणि तो पकडला गेला.

तर वाईट निगेच्या शस्त्रांनी दहा दिवस दिले. पण हेतू मेला नव्हता. तो चांगल्या शस्त्राच्या शोधात निघाला. नथुराम गोडसे व नारायण आपटे ग्वाल्हेरला गेले. शिंद्यांच्या त्या संस्थानात मराठी कुटुंबे कित्येक पिढ्या नांदत होती, ओळखीतून ओळख निघत होती. २८ जानेवारीस तेथे त्यांच्या हाती एक पिस्तूल पडले. इटलीतील बेरेटा कंपनीचे, १९३४ नमुन्याचे, पोलादी, मॅगझीनमध्ये सात काडतुसे मावणारे. हा नमुना मुसोलिनीच्या सैनिकांसाठी बनत असे. इटली कोठे, ग्वाल्हेर कोठे! हातोहात जात जात ते तेथे पोहोचले होते आणि त्या सर्व प्रवासात उत्तम चालत राहिले होते. ३० जानेवारीच्या सायंकाळी बिर्ला भवनात प्रार्थनेला निघालेल्या वृद्धावर त्यातून तीन गोळ्या सुटल्या. एकही अडली नाही.

ते मिळवून दिल्याचा आरोप ज्यांच्यावर होता ते ग्वाल्हेरचे डॉ. दत्तात्रय परचुरे विशेष न्यायालयात दोषी ठरले, पण १९४९ मध्ये अपिलात निर्दोष सुटले. त्यांच्याविषयी आम्हांस काही म्हणावयाचे नाही. आमच्या मनात येतात ती नावे नसलेली माणसे. इटलीत ते पिस्तूल घासूनपुसून पेटीत भरणारा कामगार. युद्धात ते कमरेला लावणारा कोणी सैनिक. आणि मधला प्रत्येक मालक, ज्याने त्याला थोडे तेल घातले असेल आणि पुढे दिले असेल. यांतल्या एकानेही गांधीजींचे वाईट चिंतिले नसेल. प्रत्येकाने फक्त आपल्या पुढच्या हातापर्यंत पाहिले.

असेच एक उदाहरण त्याच्याही आधीचे. १९०९ च्या प्रारंभी लंडनच्या इंडिया हाऊसमधील स्वयंपाकी चतुर्भुज अमीन याच्या पेटीच्या चोरकप्प्यातून वीस ब्राउनिंग पिस्तुले हिंदुस्थानात आली. आमच्या स्नेह्यांचे पिस्तूल त्याच नावाचे. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात 'शारदा' नाटक पाहण्यास आलेले कलेक्टर जॅक्सन यांच्यावर अनंत कान्हेरे या कोवळ्या मुलाने गोळ्या झाडल्या. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात तो व त्याचे दोन साथीदार फाशी गेले. त्यांच्या देशभक्तीचा न्यायनिवाडा हा या लेखाचा विषय नाही, आणि आमच्या वाचकांची त्याविषयी एकच मते असतील असेही नाही. आम्ही एवढेच पाहतो की पेटीत आली तेव्हा ती वीस होती, आणि त्यांतले कोणते कोणाच्या हाती जाईल हे पाठविणाऱ्याच्या हाती फार काळ राहिले नाही.

अनुवादाच्या पुस्तकात एक लहानसा नियम आहे. नवे घर बांधशील तर गच्चीला कठडा बांध. तो नसल्यामुळे कोणी पडून मेला तर रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल. गच्ची बांधणे हे पाप नाही आणि कोणाला ढकलण्याची इच्छाही कोणाची नसते. तरीही दोष येतो. निर्गमातील मारक्या बैलाचा नियम आणखी कडक आहे. बैल मारका आहे हे ठाऊक असूनही मालकाने त्याला आवरले नाही, तर बैलाबरोबर मालकही जबाबदार. आपल्या घरांतून एक शब्द फार वापरला जातो: असू दे. असू दे, कधी तरी लागेल. असू दे, बाबांची आठवण आहे. या 'असू दे'ला कठडा नसतो. वाईट हेतूने शस्त्र ठेवणारे थोडे, आणि त्यांना पोलीस पाहून घेतील. 'असू दे' म्हणून ठेवणारे पुष्कळ, आणि ते आपल्या बाकांवर बसतात. कोणत्याही हेतूशिवाय, केवळ असू दे म्हणून भरलेले शस्त्र घरात राहू देणे हे आम्ही पाप समजतो, मग त्याला परवाना असो वा नसो.

आणखी एक गोष्ट आमच्या मनात पूर्वी कधी आली नव्हती. गेथशेमाने बागेत पेत्राने तलवार उपसून मल्खाचा कान छाटला, हे आपण मुलांना दरवर्षी शिकवतो. एका वाराने कान तुटला, म्हणजे तलवारीला धार होती. धार आपोआप राहत नाही. प्रभूबरोबर गालीलात हिंडताना, रोग्यांना बरे होताना पाहत असताना, शत्रूवर प्रीती करण्याची शिकवण ऐकत असताना, केव्हा तरी, कोठे तरी, कोणी तरी बसून त्या तलवारीला दगडावर धार लावली होती. पेत्र त्या रात्री अचानक हिंसक झाला असे आम्ही समजत होतो. तसे नाही, हात आधीपासून तयार होता. प्रभूने कान बरा केला आणि तलवार जागी ठेवावयास सांगितले. ती पुढे कोणाकडे गेली हे शुभवर्तमान सांगत नाही.

येथवर आम्ही गुरुजींना बोलून दाखविले आणि परवाना नावे करून घेण्याचा विचार त्यांनी सोडला. त्यांच्या धाकट्या भावाला तो पटलेला नाही. त्याचे म्हणणे, लग्नसराईत चार पाहुण्यांत बाबांचे पिस्तूल कमरेला शोभले असते. वरातीत हवेत गोळ्या झाडण्याच्या हौसेला २०१९ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद ठेवली आहे हे आम्ही त्यास सांगितले, तेव्हा तो हसला.

राहिले विकणे. हा भाग आम्हांस खरोखर कठीण वाटतो. कायद्याने विक्री होते, घेणाऱ्याचा परवाना पाहिला जातो, नोंद होते. चोरबाजाराशी याची तुलना करणे अन्यायाचे होईल, आणि ग्वाल्हेरचे उदाहरण प्रत्येक प्रामाणिक विक्रेत्याच्या डोक्यावर आदळणेही बरे नव्हे. विकणे पाप आहे असे शास्त्रावरून सिद्ध करून दाखवा, असे कोणी म्हटले तर आम्हांस ते करता येणार नाही. परवाना हातांची नावे सांगतो. त्या घरात नऊ वर्षांचे मूल आहे की नाही, म्हातारपणी हात कापू लागल्यावर काडतूस कोण काढणार आहे, हे तो सांगत नाही. आणि हे पिस्तूल लवकर मरणारे नाही. शंभर वर्षांपूर्वीची अशी पोलादी पिस्तुले आजही चालतात. गुरुजी एका माणसाला विकतील, पण त्याच्यामागे आणखी तीन पिढ्या ते कोणाच्या तरी उशाशी असेल. पैसे घेतल्यावर पुढचे मला माहीत नाही, असे म्हणून पिलातासारखे हात धुता येणार नाहीत, एवढे आम्ही त्यांस सांगितले. विकायचे असेल तर ही जबाबदारी पत्करून विकावे. आम्ही त्यांच्या जागी असतो तर सरकारजमा केले असते, हेही सांगितले.

त्यावर वहिनी, ज्या इतका वेळ तांदूळ निवडीत बसल्या होत्या, म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्या घरची पोरगी नाही ना फीसाठी थांबलेली."

हे बोलणे आम्हांस लागले, आणि लागावयासच हवे होते. दुसऱ्याचे लाखभर रुपये नदीत सोडा असे सांगणे फार सोपे असते. परत येताना वारासिवनीपर्यंत आम्ही गप्पच होतो. घरी आल्यावर आम्ही आमच्या मंडळीतील तीन कुटुंबांशी बोललो. जर आम्ही लोकांना शस्त्र सोडा म्हणतो तर सोडल्याचा तोटा त्यांच्या एकट्याच्या अंगावर का? आम्ही चार घरांनी मिळून मुलीची पहिल्या वर्षाची फी भरावी असे ठरले. पुढच्या तीन वर्षांचे वचन देण्याची आमची ऐपत नाही, तेही स्पष्ट लिहून कळविले.

गुरुजींचे उत्तर आले. त्यांनी आभार मानले आहेत, आणि लिहिले आहे की बाबांनी जन्मभर कोणाचा पैसा घेतला नाही, म्हणून आईशी बोलून मग कळवतो. प्रवेशाचे पैसे भरण्यास अजून पाच आठवडे आहेत. पिस्तूल विक्रेत्याच्या तिजोरीत आहे. पावसाळा लागण्यापूर्वी त्याला एकदा तेल घालावे लागेल, त्याचे वेगळे पैसे पडतील, असे त्याने कळविले आहे.